आखडत्या हाताने

बादलीच्या तळाशी उरलेला भरडा त्या माणसाने गव्यासमोर टाकला नाही. गोष्ट एवढीच, आणि तशी अगदी क्षुल्लक. पण ती माझ्या मनातून जाता जात नाही. माझा भाचा पशुवैद्यकाची पदवी घेऊन दक्षिणेतल्या एका प्राणिसंग्रहालयात उमेदवारी करत होता. त्याच्या ओळखीने मला तिथल्या मागच्या भागात, जिथे प्रेक्षकांना प्रवेश नाही आणि जिथे प्रजननासाठी राखलेला गव्यांचा कळप असतो, तिथे जायला मिळाले. दुपार कलली होती. लोखंडी गजांपलीकडे एक मोठा नर उभा होता. तेलकट काळेभोर अंग, गुडघ्यांपासून खाली पांढरे पाय, खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत गेलेला उंचवटा आणि जवळ गेल्यावर नाकात भरणारा, गोठ्याच्या वासाशी नाते सांगणारा पण गोठ्याचा नव्हे असा उग्र दर्प. शेजारच्या खोलीतल्या, नुकत्याच व्यायलेल्या मादीला मक्याचा भरडा आणि गव्हाचा कोंडा घालून तो माणूस परत निघाला होता. बादलीच्या कडीचा आवाज ओळखून नराने आपली करडी, खरखरीत जीभ गजांमधून बाहेर काढली आणि ती हवेतच फिरवली. मी म्हटले, "दादा, उरलंय ते टाका की त्याला." तो हसला आणि कानडी वळणाच्या हिंदीत म्हणाला की नको अक्का, आज दिलं तर उद्या मागेल, परवा दार तोडेल. नराने शिंग गजांवर घासले, नाकातून मोठा फुत्कार सोडला, आणि मग तो मागे वळून कोरड्या गवताच्या ढिगाकडे गेला.

माझे माहेर राधानगरीच्या पट्ट्यातले. आमच्या आजीच्या राज्यात जनावराला नाही म्हणणे हे पाप होते. म्हशीची आंबोण शिजत असे तेव्हा चुलीजवळ आम्हा मुलांना फिरकू दिले जात नसे. सरकीची पेंड आदल्या रात्री भिजत पडे, आणि गव्हाणीत वैरण पडल्याशिवाय घरातले कोणी पानावर बसत नसे. आषाढात बेंदूर आला की बैलांची शिंगे रंगत, अंगावर झूल चढे आणि पुरणपोळीचा पहिला मान त्यांचा असे. एक पोळी, दुसरी पोळी, मग शेजारघरची पोळी. बैल खात राहत आणि बायका डोळे भरून पाहत राहत. दुसऱ्या दिवशी गावात कुठल्या ना कुठल्या गोठ्यात एखादा बैल डाव्या कुशीला फुगून आडवा झालेला असे, आणि पशुवैद्याची मोटारसायकल सकाळपासून या वाडीतून त्या वाडीत पळत असे. त्याचा पुरणपोळीशी काही संबंध आहे असे म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. दृष्ट लागली, एवढेच कारण पुरेसे होते.

तो संबंध भाच्याने त्या संध्याकाळी मला नीट समजावून सांगितला. रवंथ करणाऱ्या जनावराला चारा घालताना खरे तर आपण त्या जनावराला घालतच नाही; त्याच्या पोटातल्या, शंभर लिटरहून अधिक मावेल अशा पहिल्या कप्प्यात राहणाऱ्या अगणित सूक्ष्मजीवांना घालतो. तंतुमय गवत पचवणारे सूक्ष्मजीव वेगळे, पिठूळ आणि गोड पदार्थांवर तुटून पडणारे वेगळे. वर्षभर गवतावर राहिलेल्या पोटात एकाएकी दाणा किंवा पुरण जाऊन पडले की ही दुसरी जात बेसुमार वाढते, पोटात आम्ल साचते, पहिली जात मरू लागते, आणि मग पोट फुगते, जुलाब होतात, पुढे खुरांच्या आत सूज येऊन जनावर लंगडू लागते. म्हणून चारा बदलायचा असेल तर तो दोन-तीन आठवडे घेऊन, जुन्यात नवा मिसळत मिसळत बदलायचा. म्हणूनच उपासही चालत नाही. बहुतेक प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस मांस मिळत नाही आणि त्यांना ते मानवते. गव्याला मात्र चोवीस तास काहीतरी चावायला हवे, आणि ते काहीतरी शक्यतो जाडेभरडे हवे. घरच्या दुभत्या म्हशीला आपण खुराक देतो, कारण तिच्याकडून बारा-चौदा लिटर दूध काढून घ्यायचे असते. गव्याकडून आपल्याला काहीच काढून घ्यायचे नसते. जवळजवळ हजार किलोच्या त्या नराला वजनाच्या दोन-अडीच टक्के कोरडे अन्न रोज लागते, आणि त्यातले बहुतेक सगळे गवतातून आणि पाल्यातून मिळाले तरच तो धड राहतो. खुराकावर वाढलेला नर अंगाने सुटतो, मादी पोटात चरबी धरते आणि विताना अडते. अडलेल्या गव्याच्या मादीला हात घालून मोकळी करणे ही गोठ्यातल्या म्हशीसारखी गोष्ट नाही. आधी तिला भूल द्यावी लागते, आणि त्या भुलीत आई आणि वासरू दोघांचाही जीव टांगणीला लागतो.

त्या माणसाचे शिक्षण किती झाले होते ते मला ठाऊक नाही, पण तो शेण वाचत असे. सकाळी कळप दुसऱ्या आवारात घेतल्यावर तो काठी घेऊन फिरे. घट्ट, वर्तुळावर वर्तुळ बसलेला पो दिसला की पुढे जाई. पातळ, पसरलेला दिसला की थांबून काठीने उकरी. माझ्यासमोर त्याने एक पो फोडून दाखवला आणि त्यातून मक्याचे दोन अखंड, पिवळेधम्मक दाणे काठीच्या टोकाने बाजूला काढले. भरडा नीट भरडला गेला नव्हता, म्हणजे दाणा पोटातून जसाच्या तसा बाहेर आला होता. त्याने ते दाणे कागदात गुंडाळून खिशात ठेवले, कोठीवरच्या माणसाला दाखवायला. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळे, पाणचट गवत येऊ लागले की सगळ्या कळपाचे शेण ढिले होते. तेव्हा हिरवा चारा कमी करून कोरडी वैरण वाढवतात. गवे त्यावर नाराज असतात, हिरवे निवडून खातात आणि वाळलेले तुडवून टाकतात. त्यावर कडबाकुट्टीतून दोन्ही एकत्र बारीक करून घालणे हा उपाय असल्याचे मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, कारण आमच्याकडे तेच करतात. भाचा म्हणाला, "आत्या, बारीक केलं की अर्ध्या तासात संपतं. मग उरलेला दिवस त्यांनी करायचं काय?"

हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

रानातला गवा दिवसाचा आणि रात्रीचा मोठा भाग चरण्यात आणि रवंथ करण्यात घालवतो. गवत हे त्याचे अन्न खरे, पण फक्त गवत नव्हे. गोव्याचा तो राज्यप्राणी. तिथल्या मोलेच्या जंगलात गव्यांच्या शेणातले वनस्पतींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ते काय काय खातात याचा अभ्यास झालेला आहे. झुडपे, वेली, कोवळा बांबू, कारवी, झाडांची पडलेली फळे असे सगळे त्यांच्या पोटात जाते. मध्य भारतातल्या सागवानी जंगलांत ते सागाची साल दातांनी सोलून खातात, आणि त्यातून त्यांना चुना व स्फुरद मिळत असावे असा अभ्यासकांचा अंदाज आहे. खारट मातीच्या जागा त्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ असतात. कुंपणात यातले काय आणणार? वड, उंबर, फणस यांच्या फांद्या तोडून ट्रकमधून येतात, गजांना उंचावर बांधल्या जातात, आणि गवा मान वर करून, जिभेने फांदी ओढत, एकेक पान ओरबाडत बसतो. खनिजांसाठी चाटण विटा टांगलेल्या असतात. वैरण एका ठिकाणी न टाकता आवाराच्या कानाकोपऱ्यांत पसरतात, कारण एकच गव्हाण असली की थोरला नर तिच्यावर उभा राहतो आणि तरुण माद्या, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या अर्धपोटी राहतात. फांदी घातली त्या दिवशी कळपाचा आवाज वेगळा असतो, असे तो माणूस म्हणाला. मी कान देऊन ऐकले. साल सुटतानाचा चर्रर्र असा आवाज, डहाळी मोडण्याचा आवाज, मध्येच एखादा सुस्कारा. कुट्टी खाणाऱ्या गोठ्यात असे काही ऐकू येत नाही.

इतकी उठाठेव कशासाठी, असे कोणीही विचारील. विशेषतः आमच्या गावातला माणूस विचारील, कारण त्याच्या मते गवे कमी नाहीत, जास्तच आहेत. पण १९६८ मध्ये बंदीपूर आणि मुदुमलाईच्या जंगलांत पाळीव गुरांकडून बुळकांड्या शिरला आणि गवे पटापट मेले, ही गोष्ट तिकडच्या जुन्या वनकर्मचाऱ्यांच्या अजून बोलण्यात येते. तो रोग २०११ मध्ये जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. लाळ्या खुरकूत मात्र आहेच. रानात असे काही पुन्हा घडले तर कुठेतरी, गुरांपासून लांब, निरोगी कळप शिल्लक असावा म्हणून ही सोय आहे. गव्यांच्या प्रजननाच्या या कामाचा समन्वय म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयाकडे आहे आणि त्यासाठी शहराबाहेर कूर्गळ्ळीला वेगळी जागाही आहे. दुसरीकडे, बांधवगडमधून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गवे संपले, तेव्हा तिथे पिंजऱ्यातले गवे कोणी सोडले नाहीत. २०११ आणि २०१२ मध्ये कान्हाच्या रानातून पन्नास गवे नेले, काही काळ मोठ्या कुंपणात ठेवले आणि मग मोकळे केले. रानातला गवा रानात नेणे हे नेहमीच सोपे, किंवा निदान कमी कठीण. ते करतानाही जनावराचे काळीज किती नाजूक असते हे आपण २०२० च्या डिसेंबरात पुण्याच्या कोथरूडमध्ये, वस्तीत शिरलेला गवा पकडताना दगावला तेव्हा, पाहिले आहे. त्यावर मी आणखी काही लिहीत नाही.

चाऱ्याच्या बाबतीत माणसाच्या हुशारीचा एक किस्सा मात्र सांगण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये गुरांच्या खाद्यात प्रथिने वाढावीत म्हणून मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी मिसळत असत, आणि त्यातून गाई वेड्या होण्याचा रोग पसरला, हे बहुतेकांना ठाऊक असते. तेच खाद्य प्राणिसंग्रहालयांतही जात होते. १९८६ मध्ये तिथल्या एका न्याला जातीच्या कुरंगाला तसलाच रोग झाल्याचे दिसले आणि पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या कुडूंनाही तो झाला. आफ्रिकेच्या रानातल्या पाला खाणाऱ्या जनावराला, त्याचे जतन करायचे म्हणून, आपण गाईचे मांस चारले होते. १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना असले खाद्य देण्यावर तिथे बंदी आली. हे वाचल्यापासून पिशवीबंद खाद्यावरचे लेबल मला नुसते चाळवत नाही. आपल्याकडे प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला प्रेक्षकाने काही खायला घालणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८-जे कलमानुसार गुन्हा आहे, आणि तरीही त्याच दिवशी पुढच्या बाजूला एक आजोबा नातवाला कडेवर घेऊन "घे रे राजा, पाव घे" असे म्हणत होते. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या आजीच्या चेहऱ्यावरचाच भाव होता, त्यामुळे त्यांना टोकायला माझी जीभ उचलली नाही. ते काम पहारेकऱ्याने केले.

गव्याचे तरी बरे आहे म्हणावे अशी अवस्था रानम्हशीची आहे. मध्य भारतातल्या रानम्हशी आता छत्तीसगडचा दक्षिण भाग आणि इंद्रावतीच्या अलीकडचा आपला गडचिरोलीचा कोपरा एवढ्यातच उरल्या आहेत; त्यांच्यासाठी कोलामार्काचे जंगल २०१३ मध्ये राखीव करण्यात आले. पलीकडे छत्तीसगडमध्ये ती राज्यप्राणी आहे, आणि तिथल्या उदंती अभयारण्यात एक काळ असा आला की कळपात आशा नावाची एकच मादी उरली. तिला कुंपणात घेतले, जपले, चारा-पाणी केले, आणि तिने बहुतेक वेळा रेडेच दिले. शेवटी तिच्या पेशींपासून कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत पाळीव म्हशीच्या पोटी एक पारडी जन्माला घातली गेली, १२ डिसेंबर २०१४ रोजी. तिचे नाव दीपाशा. ती कर्नालला गोठ्यातल्या शिस्तीत वाढली, २०१८ मध्ये रायपूरच्या जंगल सफारीत आली, आणि ती खरोखर रानम्हैस आहे की मुऱ्हा जातीची पाळीव म्हैस, असा वाद तिच्या दिसण्यावरूनच सुरू झाला. तो वाद शास्त्रज्ञांनी सोडवावा. मला त्यात दुसरेच काही दिसते. जिने कधी नदीकाठचे उंच गवत शिंगाने बाजूला सारून चरले नाही, जिला दुष्काळात कुठले पाणी टिकते हे आईने दाखवले नाही, जिची गव्हाण ठरल्या वेळी भरत आली, तिच्या पेशी कोणाच्याही असोत, तिला उद्या कोलामार्कात नेऊन सोडले तर ती पहिल्या दिवशी काय करील? मला वाटते, ती जवळच्या वाडीतल्या गोठ्याशी जाऊन उभी राहील. पुढे २०२० मध्ये आसामातल्या मानसहून एक रेडा आणि एक मादी छत्तीसगडच्या बारनवापारा अभयारण्यात आणली गेली, त्यांच्यामागून आणखी माद्या आल्या, आणि त्यांनाही आधी कुंपणच मिळाले. रानटी जनावर एकदा कुंपणात आले की त्याला बाहेर काढण्याचा मुहूर्त सापडणे फार कठीण असते. आत त्याचे खाणेपिणे आपल्या हातात असते, आणि बाहेर गेले की काहीच हातात राहत नाही.

युरोपातल्या रानगव्याची, म्हणजे तिथल्या बायसनची, हकीकत यशाची म्हणून सांगतात आणि ती आहेही. पोलंड-बेलारूस सीमेवरच्या बिआवोविएझाच्या जंगलातला शेवटचा १९१९ मध्ये आणि कॉकेशसमधला १९२७ मध्ये मारला गेला; प्राणिसंग्रहालयांत आणि खासगी आवारांत उरलेल्या पन्नासेक जनावरांतल्या अवघ्या बारांच्या वंशातून आजचे हजारो रानगवे झाले. १९५२ मध्ये त्यातले पहिले पुन्हा त्याच जंगलात मोकळे सोडले. पण मोकळे सोडल्यावरही हिवाळ्यात त्यांना वाळलेले गवत घालण्याची प्रथा चालूच राहिली. गवताच्या गंजीभोवती सगळा कळप आठवडेच्या आठवडे दाटीने उभा राहतो, तिथेच शेण पडते, आणि एकाच्या पोटातले जंत सगळ्यांच्या पोटात जातात. आता काही अभ्यासक म्हणतात की हा प्राणी मुळात दाट जंगलातला नव्हेच, मोकळ्या गवताळ प्रदेशातला आहे. आपण त्याला जंगलात हाकलले आणि गवत घालून तिथेच धरून ठेवले. गवत टाकणाऱ्या हाताने त्याचा मुक्कामही ठरवून टाकला, असे मानायचे झाले तर बादली मागे घेणारा तो कानडी माणूस मला अधिकच शहाणा वाटू लागतो.

आणि तरीही. माझा भाऊ रात्रीच्या रात्री उसाच्या फडाशेजारी माळ्यावर बसून काढतो. गवे फडात शिरले की एका रात्रीत जेवढे खातात त्याच्या दुप्पट तुडवतात, आणि नाचणीचे तर नावच घ्यायला नको. पंचनाम्याचे कागद, फोटो, सातबारा, पुन्हा फोटो, यात भरपाई येईपर्यंत पुढचा हंगाम उजाडतो. त्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठा विनोद म्हणजे बाप रात्री डबा वाजवून गवे हाकलतो आणि मुलगा सकाळी तिकडे गव्यांना भरवतो. हे तो हसून सांगतो, पण हसू पुरते ओठांवर येत नाही. गंमत अशी की उसाची चटक हीदेखील खुराकाचीच गोष्ट आहे. कारवी आणि बांबू चावत दिवस काढणाऱ्या जनावराला कमी श्रमात, गोड आणि रसदार असे काही सापडले तर ते पुन्हा तिथेच येणार. आम्ही न मागता, न कळत, गव्यांची गव्हाण भरून ठेवली आहे, आणि तिच्याभोवती वीजतार लावली आहे.

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला होता तेव्हा बापलेकांत यावरून चांगलीच जुंपली. विषय निघाला तो ओढ्याकाठी सापडलेल्या गव्याच्या वासराचा. आसपासच्या एका वाडीत लोकांनी ते उचलून आणले होते, गाईचे दूध बाटलीने पाजले होते, गळ्यात घंटाही बांधली होती; चार दिवसांत त्याला हगवण लागली आणि ते गेले. भाच्याचे म्हणणे असे की त्याला हात लावायलाच नको होता. गव्याची मादी वासराला गवतात लपवून चरायला जाते आणि परत येते. माणसांचा गलका झाला की ती लांबून पाहत राहते. शिवाय बाटलीवर वाढलेला नर जगला असता तरी त्याचे भले नव्हते. माणसाच्या हातून वाढलेला खोंड माणसाला भीत नाही, त्याला आपल्यातलाच एक समजतो, आणि वयात आला की आपल्यातल्यांशी जशी झुंज घेतात तशी माणसाशी घेतो. तो रानात सोडता येत नाही आणि कळपात ठेवता येत नाही. जन्मभर एकट्याने कुंपणात खात बसतो. भावाने हे सगळे ऐकून घेतले. मग त्याने विचारले की डोळ्यांसमोर वासरू हंबरत असताना माणसाने करायचे काय. भाचा म्हणाला, "वन विभागाला फोन करायचा, लांब व्हायचं, आणि आई परत येते का ते पाहायला एक रात्र द्यायची."

"रात्र बिबट्याची असते," भाऊ म्हणाला. भाच्याने त्यावर बिबट्यालाही पोट असते असे काहीसे उत्तर दिले, वहिनीने दोघांनाही फराळाची ताटे पुढे केली, आणि त्या दोघांचे अजून एकमत झालेले नाही.